मालकाच्या रकान्यात आपलं नाव

मैत्रिणींनो, हा लेख वाचून काही जणींना राग येईल. मलाही आला होता, आणि तो आधी माझ्या स्वतःवरच आला. म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

आपल्या स्त्री संघटना, महिला मंडळं, सल्ला केंद्रं, बालवाड्या चालवणाऱ्या संस्था महिन्याच्या महिन्याला पैसे देऊन बायकांना कामाला ठेवतात, आणि तरी 'आम्ही कुणाच्या मालक नाही' असं म्हणतात. आमची संस्था वर्षानुवर्षं तेच म्हणत आली. मी तिची खजिनदार. तेव्हा हे पाप थोडं जास्त माझ्या माथी आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या सल्ला केंद्रात एक कार्यकर्ती आहे. २०१३ साली नवऱ्यानं घराबाहेर काढलं तेव्हा ती आमच्याकडे तक्रार घेऊन आली होती. त्याच वर्षी ती केंद्रात मदतीला राहिली, पुढे शिकली, आणि आज ती दुसऱ्या बायकांच्या तक्रारी लिहून घेते, पोलीस ठाण्यात त्यांच्याबरोबर जाऊन बसते. तिला मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. कर्जासाठी ती बँकेत गेली. बँकेनं नेमणूकपत्र मागितलं, पगाराच्या पावत्या मागितल्या. तिच्याजवळ आमचं एक पत्र होतं, माझ्याच सहीचं: 'सदर कार्यकर्तीस संस्था दरमहा रुपये १६,००० मानधन देते.' समोरच्या साहेबानं ते वाचून परत केलं. म्हणाला, "बाई, हे मानधन आहे, पगार नाही. उद्या संस्थेनं द्यायचं बंद केलं तर तुम्ही कुणाला विचारणार?"

पुढच्या बैठकीत ती उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, मी कुणाकडे कामाला आहे ते मला कागदावर लिहून द्या."

आम्ही कार्यकारिणीच्या नऊ जणी एकमेकींची तोंडं बघत बसलो. दुसऱ्यांच्या मालकांविरुद्ध घोषणा द्यायची आम्हांला सवय. आपल्यालाच कुणी मालक म्हणेल, याची नव्हती.

तो कागद द्यायचा तर काय करावं लागेल हे विचारायला मी सीएकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "व्यवसाय कराला मालक म्हणून नोंदणी केली आहे का?" मी म्हटलं, आमची सेवाभावी संस्था, आमचा कसला व्यवसाय? ते हसले. तिथपासून माझं शिक्षण सुरू झालं. ते तुमच्याही उपयोगाचं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आपण ज्याला पीटी म्हणतो तो हा कर. महाराष्ट्रात त्याचा कायदा १९७५ चा. नाव व्यवसाय कराचं असलं तरी तो नोकरीवरही आहे, आणि नोकरी देणारा नफा कमावतो की समाजसेवा करतो याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ज्याच्याकडे कर लागू होईल इतक्या पगाराची एक जरी व्यक्ती कामाला असेल, त्यानं ३० दिवसांच्या आत मालक म्हणून नोंदणीचा अर्ज करायचा, महिन्याच्या पगारातून कर कापायचा आणि भरायचा. पुरुषाला महिना ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही. त्यावर १०,००० पर्यंत महिना १७५ रुपये, आणि १०,००० च्या पुढे महिना २०० व फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. बाईला पूर्वी १०,००० पर्यंतच सूट होती. १ एप्रिल २०२३ पासून ती महिना २५,००० पर्यंत आहे.

आता आमच्या संस्थेचं बघा. २०२१ च्या एप्रिलपर्यंत आम्ही कुणालाच ७,५०० च्या वर देत नव्हतो. (हेही काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही.) मग एक मोठा प्रकल्प मिळाला आणि रकमा वाढवल्या. समन्वयक ताईंना २८,०००, दोन समुपदेशकांना १६,०००, बालवाडीच्या ताईंना ७,०००. आणि रात्रीबेरात्री तक्रार आली तर जीप काढणारे आमचे वाहनचालक दादा, त्यांना १४,०००. म्हणजे त्या दिवसापासून आम्ही कायद्यानं मालक झालो होतो. फक्त ते आम्हांला कबूल नव्हतं.

सीएनी हिशेब मांडला. समन्वयक आणि दादा यांचा तीन वर्षांचा कर प्रत्येकी ७,५००. दोघी समुपदेशकांचा पहिल्या दोन वर्षांचा प्रत्येकी ५,०००, कारण त्यानंतर त्यांना सूट लागू झाली. एकूण २५,००० रुपये. त्यावर व्याज. आणि नोंदणीला उशीर केला म्हणून मालकाला दिवसाला ५ रुपये दंडाची तरतूद, तीही तीन वर्षांची.

कार्यकारिणीत हा आकडा वाचला तेव्हा जे झालं त्यासाठीच मी हा लेख लिहिते आहे.

पहिली सूचना आली: "कर त्यांचा आहे ना? मग त्यांच्याकडूनच घेऊ. पुढच्या मानधनातून थोडा थोडा कापू." म्हणजे चूक आमची, आणि कापायचं दादांच्या चौदा हजारांतून! कायदा याबाबतीत आमच्यापेक्षा शहाणा निघाला. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की पगार देताना कर कापला असो की नसो, तो भरायची जबाबदारी मालकाची. मी म्हटलं, हा पैसा संस्थेच्या शिलकीतून जाईल, नाहीतर माझा राजीनामा घ्या. शिलकीतून गेला.

दुसरी सूचना अधिक हुशार होती: "समन्वयकांना सल्लागार करून टाका. म्हणजे त्या आपल्या नोकर नाहीत, प्रश्नच मिटला." मैत्रिणींनो, ही युक्ती आपल्या कितीतरी संस्थांमध्ये सर्रास चालते, म्हणून तिची चिरफाड करते. सल्लागार म्हटलं की ती बाई स्वतःचा व्यवसाय करणारी ठरते. मग तिनं स्वतः वेगळी नोंदणी करायची आणि वर्षाचे २,५०० स्वतः भरायचे. २५,००० ची सूट आहे ती पगारावर, व्यवसायावर नाही. म्हणजे सोळा हजारांच्या समुपदेशकेला उद्या सल्लागार केलं तर जो कर आज तिला लागत नाही तो लागेल. शिवाय ती सकाळी दहाला येणार, रजेसाठी अर्ज करणार, आमच्या जीपमधून आम्ही सांगू तिथे जाणार. हे सगळं करणारी बाई स्वतंत्र व्यावसायिक, असं लिहून द्यायला आपली जीभ कशी रेटते? हीच लबाडी एखाद्या कारखानदारानं कंत्राटी कामगारांच्या बाबतीत केली असती तर आपण त्याच्या दारात धरणं धरलं असतं.

तिसरा मुद्दा तत्त्वाचा म्हणून मांडला गेला: "आपण चळवळ आहोत. इथे मालक-नोकर असं नातं नाही. सगळ्या समान कार्यकर्त्या." ऐकायला फार छान. पण समान असलेल्या कार्यकर्त्यांपैकी कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला किती द्यायचं, प्रकल्प संपल्यावर कुणाला 'आता बघू' म्हणायचं, हे ठरवतं कोण? आम्ही नऊ जणी ठरवतो. आणि आमच्यापैकी एकीचंही पोट त्या पैशावर नाही. कुणाला नवऱ्याचा पगार आहे, कुणाला निवृत्तिवेतन आहे, मला दोन्ही आहे. घरात बाईच्या कामाला 'माया' म्हणतात म्हणून आपण पन्नास वर्षं ओरडतो आहोत. मग आपल्या कार्यालयात बाईच्या कामाला 'सेवा' म्हटलं की ते पवित्र कसं होतं?

'मानधन' या शब्दाचा इतिहास आपल्याइतका कुणाला माहीत आहे? १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडीच्या बायकांना सरकारनं सेविका म्हटलं, मानसेवी म्हटलं, आणि पगाराऐवजी मानधन दिलं. मान भरपूर, धन नावापुरतं. त्यांच्या मोर्चांत आपण चाललो. मानधन नको, वेतन द्या, ही मागणी आपल्या तोंडपाठ आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, आणि त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्यापुरतं वेतनच आहे असं मानलं. तो निकाल आला तेव्हा आम्ही कार्यालयात पेढे वाटले. पेढे आणायला गेली होती तीच समुपदेशक, जिच्या हातात मी माझ्या सहीचं मानधनाचं पत्र ठेवलं.

"पण सरकारला कर का द्यायचा? सरकार आपल्याला काय देतं?" हाही प्रश्न आला. जुन्या मैत्रिणींना मी आठवण करून देते, तरुण मैत्रिणींना कदाचित माहीत नसेल. हा कर आपल्याकडे आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या कायद्यानं हमीचा निधी केला. त्यात व्यवसाय कराचं उत्पन्न जायचं आणि तेवढीच भर सरकारनं घालायची. सोप्या भाषेत, शहरातल्या पगारदारानं महिन्याला थोडं द्यायचं, आणि त्यातून गावातल्या माणसाला काम मागण्याचा हक्क मिळायचा. आणि ते काम मागायला सर्वांत जास्त हिमतीनं कोण पुढे आलं? बायाच ना? केंद्राचा रोजगार हमीचा कायदा आला तो २००५ साली, आपल्या मागून जवळजवळ तीस वर्षांनी.

नव्वदीच्या सुरुवातीला मी रोहयोच्या कामांवर हिंडत होते. पाझर तलावाच्या मातीत बाया पाट्या वाहायच्या. आमचं पहिलं भांडण असायचं मस्टरचं. नवरा-बायको दोघं राबायचे आणि मस्टरवर नाव एकट्या नवऱ्याचं. पैसे त्याच्या हातात. आम्ही मुकादमाशी, ओव्हरसियरशी हुज्जत घालायचो: बाईचं नाव मस्टरवर वेगळं लिहा, अंगठा तिचा घ्या, पैसे तिच्या हातात द्या. कामावर पाळणाघर कायद्यात आहे, ते कुठे आहे दाखवा. एका म्हातारीनं मला तेव्हा सांगितलं होतं, मस्टरवर नाव नसलं की आपण राबलो ते फक्त आपल्या पाठीला माहीत. ते बोलणं मी पुढे कितीतरी भाषणांत वापरलं. आणि तीस वर्षांनी माझ्याच संस्थेत अकरा वर्षं राबलेल्या बाईचं नाव कुठल्याच मस्टरवर नव्हतं!

हा पैसा आज नीट त्याच कामी लागतो का, असं तुम्ही विचाराल. जरूर विचारा. पण जिनं कर भरला ती हिशेब मागू शकते. जिनं नोंदणीच चुकवली ती कुठल्या तोंडानं मागणार?

आता कराच्या बाजूनंच सगळं बोलते असं वाटू नये म्हणून त्याच्यावरची माझी तक्रारही मांडते. चौदा हजारांच्या दादांना वर्षाला २,५०० आणि दोन लाख महिना घेणाऱ्या साहेबालाही २,५००. कारण राज्यघटनेतच या कराला वर्षाची कमाल मर्यादा आहे. १९८८ साली ती २५० वरून २,५०० केली आणि तिथेच ती थांबली. हा न्याय नव्हे. त्याविरुद्ध आपण बोललं पाहिजे.

आणि बायकांना दिलेल्या सुटीबद्दलही माझ्या मनात एक खटका आहे. सूट नको असं मी म्हणत नाही. सोळा हजारांत घर चालवणाऱ्या बाईला वर्षाचे अडीच हजार वाचले तर तो महिन्याभराचा किराणा आहे. पण नोंदणीचा दाखला हातात आला आणि एप्रिलच्या पगाराचा तक्ता आम्ही करायला घेतला, तेव्हा माझ्या लक्षात आलं: कर कापायच्या यादीत आमच्या स्त्री संघटनेतली एकच स्त्री होती. दुसरं नाव दादांचं. बाकी सगळ्या बायका सुटीच्या रेषेखाली. उद्या समन्वयक आणि दादा दोघंही सोडून गेले तर आमच्याकडे कर लागणारं कुणीच उरणार नाही, आणि सातआठ बायका राबत असूनही कायदा आम्हांला मालक म्हणून नोंदणी मागणार नाही. बाईला कमीच पगार असणार, हे धरून चालल्यावर असंच होतं. सूट घ्यायची, पण बायकांचे पगार त्या रेषेखाली का आहेत हा प्रश्न सोडायचा नाही. आणि त्याचं उत्तर पहिल्यांदा आपल्यासारख्या संस्थांनीच द्यायचं आहे.

"मग ज्यांना कर नाही त्यांना या नोंदणीचा काय फायदा?" हा प्रश्न त्या समुपदेशकेनंच मला विचारला. तिला मी जे सांगितलं ते असं. नोंदणी करायची तर संस्थेला आधी मान्य करावं लागतं की आपण पगार देतो. कुणाला कर आणि कुणाला सूट हे दाखवायचं तर प्रत्येकीचा पगार नावानिशी लिहावा लागतो. सूट सिद्ध करायलासुद्धा वेतनपत्रक लागतं. आणि एकदा वेतनपत्रक झालं की पावती आली, नेमणूकपत्र आलं, रजेचे नियम आले. हा कर म्हणजे दाराची कडी आहे. ती काढली की बाकीच्यांना आत यायला वाट होते.

बरोबर हीच भीती कार्यकारिणीत शेवटी बाहेर पडली: "आज पीटी केलंत, उद्या दहा माणसं झाली की ईएसआय, वीस झाली की पीएफ. पैसा आणायचा कुठून? प्रकल्पात पगाराची तरतूदच तोकडी असते." ही अडचण खोटी नाही. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत बसवावा लागतो, आधी ही मर्यादा ५० टक्के होती. निधी देणारे शिबिराच्या फलकाला पैसे देतात, शिबिर घेणाऱ्या बाईच्या म्हातारपणाला देत नाहीत. पण मग त्यांच्याशी भांडूया. अंदाजपत्रकात पगार, पीएफ, रजा हे रकाने घालून पाठवूया, आणि ते खोडले तर का खोडले ते लेखी मागूया. तोकड्या तरतुदीचा भार सर्वांत खालच्या बाईनं गुपचूप उचलायचा, हा तोडगा आपल्याला शोभत नाही.

नोंदणीत अवघड काही नव्हतं. अर्ज ऑनलाइन होतो. संस्थेचा पॅन, पत्त्याचा पुरावा, बँक खातं आणि पहिला कर लागू झाल्याची तारीख. २०२० पासून महाराष्ट्रात नवी कंपनी स्थापन करताना ही नोंदणी त्याच अर्जात होते. आपल्या संस्था आणि न्यास त्या वाटेनं येत नाहीत, म्हणून आपल्याला ती आठवणीनं वेगळी करावी लागते. मला सर्वांत जड गेलं ते एकाच ठिकाणी, 'मालक' लिहिलेल्या जागी संस्थेचं नाव भरताना. हात अडखळला. तेव्हा मला माझ्या घरच्या मावशी आठवल्या. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कायदा झाला, मंडळ झालं, पण नोंदणीची खटपट करायची ती कामवाल्या बाईनं, मालकिणीनं नाही. तिनं अर्ज आणायचा आणि मालकिणीनं फक्त काम करत असल्याच्या दाखल्यावर सही द्यायची. मावशींनी तो कागद आणला तेव्हा मी 'बघते हं' म्हणून फ्रीजवर ठेवला होता. दोन महिने तो तिथेच होता. सहीनं आपल्या गळ्यात काहीतरी पडेल ही भीती. कार्यालयातली आणि घरातली भीती एकच होती. ती सही मी त्याच आठवड्यात केली.

शेवटी सांगायचं ते हे. पुढच्या बैठकीत एक कोरा कागद घ्या. आपल्याकडे कामाला असलेल्या प्रत्येकीचं आणि प्रत्येकाचं नाव लिहा, पुढे महिन्याला प्रत्यक्ष हातात पडणारी रक्कम लिहा. वर 'मानधन' लिहिलं असेल तर ते खोडून 'पगार' लिहा. कर लागू होत असेल तर नोंदणी करा, मागचा थकला असेल तर तो संस्थेनं भरा. लागू होत नसेल तरी नेमणूकपत्र आणि पावती द्यायला कुणी अडवलेलं नाही.

आमच्या समुपदेशकेच्या मुलीचं त्या वर्षीचं नर्सिंग हुकलं. आमची नोंदणी झाली एप्रिलमध्ये, आणि नुसत्या एकदोन पावत्यांवर बँक कर्ज देत नाही. एक वर्ष त्या मुलीनं औषधाच्या दुकानात काढलं. ते वर्ष आम्ही तिला परत देऊ शकत नाही. पहिली पावती मी तिच्या आईच्या हातात दिली तेव्हा तिनं ती दोनदा वाचली, घडी न घालता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आणि कामाला लागली. आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं.

माझं म्हणणं ज्यांना पटलं नसेल त्यांनी पुढच्या अंकात जरूर विरोधात लिहावं. फक्त लिहायला बसताना आपल्या संस्थेचं वेतनपत्रक समोर ठेवावं. ते नसेलच, तर आधी ते करावं आणि मग लिहावं.